बाटलीवरची चिठ्ठी

दिवाळी जवळ आली की उरलेल्या महाराष्ट्राला चकल्यांच्या तळणीचा वास येऊ लागतो; आमच्या तेरखेड्याला त्याआधी कितीतरी दिवस दारूचा वास येत असतो. दारूचा म्हणजे शोभेच्या दारूचा. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. भोवतालच्या मुलखातल्या वराती आणि जत्रा येथल्या तोफांनी दणाणतात, आणि दिवाळीच्या आधी लांबलांबच्या गाड्या येथे येऊन थांबतात. आकाशात फुटणारे फूल इतरांना दिसते ते फक्त वरून. आम्हांला ते खालूनही माहीत असते: बोटांना बसलेली करडी पूड, उन्हात वाळत घातलेल्या वाती, आणि मधूनच एखाद्या वर्षी येणारी स्फोटाची वाईट बातमी.

मी या गावातला एक मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. खालच्या वर्गांना मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकाबरोबरच संपला. तरीही शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटाची किल्ली मात्र गेली कित्येक वर्षे माझ्याजवळ आहे. कारण शास्त्रीय नाही. शाळेतून सर्वांत शेवटी बाहेर पडतो तो मी, एवढेच. त्या कपाटात तपकिरी बाटल्यांची एक रांग आहे. प्रत्येक बाटलीवर रसायनाचे नाव, त्याखाली शुद्धतेचा आकडा आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत एक सूचना. तिचा मराठीत अर्थ असा : केवळ प्रयोगशाळेतील उपयोगासाठी, औषध, अन्न वा घरगुती वापरासाठी नव्हे.

ही चिठ्ठी मी शेकडो वेळा पाहिली होती, पण वाचली नव्हती. ती वाचायला लावली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने.

दोन वर्षांपूर्वी, नवरात्र नुकतेच संपले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तो घरी आला. वर्गात तो हुशार होता असे म्हणवत नाही, पण त्याचा हात मोठा कसबी. आता शोभेच्या दारूचे काम करतो. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग तो मूळ कामाला आला.

“गुरुजी, दोन ओळींचं काम हाय. शाळेच्या कागदावर लिहून द्या, प्रयोगशाळेसाठी बेरियम नायट्रेट पाहिजे म्हणून. पैसे माझे, आणणार मी. तुमाला कायबी तोशीस न्हाई.”

“किती पाहिजे?”

“दहा किलो.”

मला हसू आले. शाळेत हा क्षार लागतो हे खरे. तारेच्या टोकावर त्याचा कण घेऊन ज्योतीत धरला की ज्योत हिरवी होते, आणि मुले “ओऽऽ” करतात. त्यासाठी चिमूटभर पुरते. दहा किलोंत आमच्या शाळेच्या पुढच्या कित्येक पिढ्यांची ज्योत हिरवी झाली असती. पण त्यालाही हिरवा रंगच हवा होता, फक्त आकाशात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांमध्ये बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. त्यामुळे फटाक्यासाठी म्हणून तो कुणी देईना, आणि शाळेसाठी म्हणून मागितला तर कुणी नाही म्हणेना.

मी नकार दिला. तो म्हणाला, “ह्यात खोटं काय हाय, गुरुजी? शाळेतबी लागतंयच की.” मी म्हटले, “लागते, पण हे शाळेसाठी नाही.” तो उठला. चपला घालता घालता म्हणाला, “कागदावर जग चालत न्हाई, गुरुजी.” त्यानंतर दोन दिवाळ्या तो माझ्या घरी फराळाला आला नाही.

त्याचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. खरेच, त्या दोन ओळींत असे काय होते? पदार्थ तोच, बाटली तीच, पैसे त्याचे. बदलणार होते ते फक्त ‘कशासाठी’ या रकान्यातले उत्तर. एका शब्दावर एवढी नीती उभी करायची?

कायदा पाहू गेलो तर कायदाही त्या एका शब्दावरच उभा आहे असे दिसते. शोरा हा शेतकऱ्याला खत असतो, आणि दारूकाम करणाऱ्याला दारूचा मुख्य घटक. पदार्थाच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. म्हणून कायदा पदार्थाला फारसे विचारत नाही, तो माणसाला विचारतो. आपला १९४० चा औषधांविषयीचा कायदा घ्या. औषध म्हणजे काय, हे सांगताना तो रोगाच्या निदानासाठी, उपचारासाठी किंवा प्रतिबंधासाठी वापरण्याचा ‘हेतू’ असलेला पदार्थ, अशा अर्थाची व्याख्या करतो. म्हणजे एखाद्या कुपीवर काहीही छापले, तरी ती माणसाच्या शरीरासाठी म्हणून विकली की कायद्याच्या दृष्टीने ती औषध झाली, आणि परवान्यावाचून औषध विकणे हा गुन्हा. ॲसिडचेही तसेच. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की दुकानदाराने घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहावा, ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, आणि ते कशासाठी हवे तेही नोंदवावे. मोरी धुणारा आणि एखाद्या मुलीचे आयुष्य जाळणारा, दोघेही बाटली तीच मागतात. त्यांच्यात फरक करायला त्या दुकानात एका रकान्यावाचून दुसरे साधन नाही.

संशोधनासाठी म्हणून एखादे नवे औषध थोड्या प्रमाणात बनवायचे असले, तर त्यालाही आपल्याकडे वेगळा परवाना लागत असे. त्या परवान्याच्या अटी मला एका ओळखीच्या औषधविक्रेत्याने समजावून सांगितल्या, आणि मला त्या आवडल्या. तो पदार्थ केवळ परीक्षणासाठीच वापरायचा. ठरलेल्या जागीच बनवायचा. डब्यावर त्याचा हेतू लिहायचा. आणि किती बनवला, कुणाला दिला, याची नोंद ठेवायची. हेतू, जागा आणि नोंद. माझ्यासारख्या मास्तराला हे चटकन कळते. शाळाही याच तीन गोष्टींवर चालते.

पण हेतू माणसाच्या मनात असतो, आणि मनात डोकावायला कायद्याजवळ खिडकी नाही. त्याच्याजवळ असतो तो कागद. तेव्हा खोटे बोलणाऱ्याला कागदाइतकी सोपी जागा दुसरी नाही.

हे खोटे दोन प्रकारचे असते. एक घेणाऱ्याचे. माझ्या विद्यार्थ्याने मागितले ते या जातीचे. दुसरे विकणाऱ्याचे, आणि ते मला अधिक वाईट वाटते. मेफेड्रोन नावाचा मादक पदार्थ काही वर्षांपूर्वी विलायतेत उघड विकला जात असे. पाकिटावर लिहिलेले असे : झाडांचे खत, मानवी सेवनासाठी नाही. विकणाऱ्याला ठाऊक होते की हे कुठल्याही झाडाला घातले जाणार नाही. घेणाऱ्यालाही ठाऊक होते. दोघांनी मिळून एकमेकांना डोळा घातला, आणि मध्ये ते पाकीट. तिकडे २०१० साली त्यावर बंदी आली, आपल्याकडे २०१५ साली तो अमली पदार्थांच्या यादीत गेला. त्यालाच आता ‘एमडी’ म्हणतात. हे दूरचे वाटते काय? २०२५ साली आई तुळजाभवानीच्या तुळजापुरात एमडीचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा आमचा सारा जिल्हा मान खाली घालून बसला होता.

आता शहरांतली काही तरुण मुले शरीर कमावण्यासाठी किंवा वजन उतरवण्यासाठी छोट्या छोट्या कुप्या मागवतात असे ऐकतो. त्यांवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. हे संशोधन न्हाणीघरात, आरशासमोर, स्वतःच्या दंडावर चालते. त्या मुलांचा असा समज असतो, की प्रयोगशाळेचा माल म्हणजे औषधाच्या दुकानापेक्षा चोख. आमच्या कपाटातल्या बाटल्यांवरही ९९ टक्के शुद्ध असे लिहिलेले आहे. पण शुद्ध म्हणजे कशासाठी शुद्ध? ज्योत हिरवी करण्यासाठी उरलेल्या एका टक्क्यात काय आहे, याची फारशी पर्वा नसते. शरीरात जाणाऱ्या पदार्थात तो एक टक्काच घातकी ठरू शकतो. औषधांची म्हणून जी प्रमाणे भारतीय औषधसंहितेत ठरवलेली आहेत, आणि ज्यांमुळे औषधावर ‘आय. पी.’ ही दोन अक्षरे येतात, ती याच एका टक्क्याची झडती घेण्यासाठी. प्रयोगशाळेच्या बाटलीवरची चिठ्ठी सांगते ती एवढेच, की ही झडती आम्ही घेतलेली नाही.

ही झडती चुकली म्हणजे काय होते ते आपल्या मुंबईने पाहिले आहे. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात काही रोग्यांना ग्लिसरीन पाजण्यात आले. मेंदूतील वा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी ते देत असत. उपचार रीतीचाच होता. पण ते ग्लिसरीन औषधी नव्हते. कारखान्यांत वापरायचे ग्लिसरीन औषध म्हणून पुरवले गेले होते आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. रोग्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. चौदा माणसे गेली. सरकारने न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. त्यांनी त्या एका पदार्थाची वाट शेवटपर्यंत धुंडाळली, आणि पुरवठादारापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंत, औषध प्रशासनापासून वरच्या राज्यकर्त्यांपर्यंत ठपका ठेवला.

मला त्या प्रकरणात अस्वस्थ करते ती दुष्टांची दुष्टाई नव्हे. दुष्ट माणसे जगात असतातच. मला अस्वस्थ करते ती मधल्या सज्जनांची रांग. ते पिंप कुणीतरी उतरवून घेतले, कुणीतरी वहीत चढवले, कुणीतरी वाटून दिले, कुणीतरी भांड्यात ओतले. यांतल्या पुष्कळांनी कुणाचे वाईट चिंतले नसेल. पण अशा रांगेत प्रत्येकाला वाटत असते, की तपासले असेल ते माझ्या आधीच्याने, आणि काही राहिलेच असेल तर पाहील माझ्या पुढचा.

कागदाच्या भरवशावर राहिले तर कायदाही कसा हास्यास्पद होतो, त्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १९३७ साली तेथे एका कंपनीने सल्फानिलमाइड हे औषध याच विषात विरघळवून विकले. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ. पण औषध विकण्यापूर्वी ते विषारी नाही हे पाहिले पाहिजे, असे तेव्हाच्या कायद्यात कुठेच नव्हते. मग सरकारने तो माल पकडला कशावर? बाटलीवर ‘एलिक्झर’ हा शब्द होता, आणि एलिक्झर म्हणजे मद्यार्क असलेले औषध. यात मद्यार्क नव्हता. चिठ्ठीवर एलिक्झरऐवजी साधे ‘द्रावण’ असे लिहिले असते तर कायद्याला तेवढाही आधार उरला नसता. पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला. आपल्याकडे मात्र तेच विष अजून गेलेले नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधातील याच विषाने दगावली. त्यांतली कितीतरी उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणलेली होती.

यावर माझा विद्यार्थी काय म्हणेल हे मला ऐकू येते. तो म्हणेल, “गुरुजी, ही मोठ्यांची पापं. आमच्या हिरव्या फुलानं कोण मेलं?” आणि पुढे म्हणेल, की परवाना काढायचा तर कागद, हेलपाटे आणि पैसे; मोठ्या कारखानदाराला हे परवडते, माझ्यासारख्याला परवडत नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पंधरा किलोंपर्यंतच्या शोभेच्या दारूच्या कामाचा परवाना जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकतो. पण आमच्या गावातून त्या कचेरीपर्यंतचे अंतर मैलांत मोजता येत नाही, ते रोजगार बुडालेल्या दिवसांत मोजावे लागते. कायदा गरिबाला जड आणि श्रीमंताला हलका असेल, तर ते कायद्याचे पाप आहे आणि ते बोललेच पाहिजे. पण हिरव्या फुलाने कोण मेले, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सोपे नाही. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. ते कालवणारे हात कुणाचे असतात? आमच्याच गावच्या बायाबापड्यांचे. ‘शाळेसाठी’ असे लिहून आणलेली गोणी त्या शेडमध्ये उतरली, की तिच्याबद्दल तेथे काही विचारायला कुणी येणार नाही, कारण कागदावर ती तेथे नाहीच. कागदावर नसलेल्या गोणीजवळ काम करणारी बाईही मग कागदावर राहत नाही. उद्या काही झाले तर ती तेथे कशासाठी गेली होती, इथपासून वाद सुरू होईल. खोट्या दोन ओळींची किंमत लिहिणारा देत नाही आणि घेणाराही देत नाही. ती तिसऱ्याकडून वसूल होते.

दुसरा आक्षेप अधिक विचारी माणसे घेतील. ती म्हणतील, नियमांच्या चौकटीतच राहिले असते तर शास्त्र पुढे गेले असते काय? या प्रश्नाचे उत्तरही मला त्याच जे. जे. रुग्णालयाच्या आवारात सापडते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला तेथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्याने तेथे प्लेगवरची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःला. त्याला ताप भरला, वेदना झाल्या. त्याने त्या टिपून ठेवल्या. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला. कैद्याच्या संमतीला कितपत मोकळी म्हणावे, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारलाही पाहिजे. पण स्वतःच्या दंडावर प्रयोग करणारा हाफकिन आणि आरशासमोर कुपी टोचून घेणारा आजचा मुलगा, यांच्यात फरक कोणता? धोका दोघेही पत्करतात. पण हाफकिन ते लपवून ठेवण्यासाठी करत नव्हता. काय टोचले, किती टोचले, पुढे काय झाले, हे तो जगाला सांगणार होता आणि त्याबद्दल जगाला उत्तर देणार होता.

आणि उत्तर त्याला द्यावेही लागले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिनवर आला, त्याचे काम काढून घेतले गेले. ती बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली की गावात उघडताना, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. १९०७ साली त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तो पुसता आला याचे एक कारण असे, की कोणती बाटली, कुठे उघडली, कशी उघडली, याची नोंद होती. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्याचे नाव आहे.

म्हणून मला असे वाटते, की ‘केवळ संशोधनासाठी’ हे शब्द म्हणजे पदार्थाची जात नव्हे आणि विकणाऱ्याची पळवाटही नव्हे. ते एक वचन आहे, आणि ते देतो तो बाटली हाती घेणारा. या पदार्थाचे मी काय केले ते मी सांगू शकेन, लिहून ठेवीन, आणि कुणी विचारले तर उत्तर देईन, असे ते वचन. ज्याला हे म्हणता येत नाही त्याच्या हातातली बाटली प्रयोगशाळेतली असली, तरी काम प्रयोगशाळेचे नाही.

येथे हा लेख संपवून मी सुखाने फराळाला बसलो असतो. पण लिहिताना एक शंका आली, म्हणून शाळेची साठ्याची वही घरी आणली. दरवर्षी मार्चअखेर त्या वहीत एक वाक्य लिहावे लागते : सर्व रसायने प्रत्यक्ष मोजली व बरोबर आढळली. त्याखाली माझी सही. एक नव्हे, सात सह्या. आणि वाचकहो, मी त्या बाटल्या एकदाही मोजलेल्या नाहीत. माझ्या आधीच्याने मोजल्या असतील असे समजून मी वरच्या ओळीची नक्कल करत आलो. माझ्या विद्यार्थ्याने दोन ओळी मागितल्या तेव्हा ताठ मानेने नाही म्हणणारा मी, दरवर्षी न मागता एक ओळ लिहीत होतो. त्या रांगेतल्या सज्जनांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडून बसलो. मोजायला दोन तास लागले. एक बाटली कमी निघाली. फुटली असेल, किंवा कुणी नेली असेल. केव्हा, ते आता कळण्याचा मार्ग नाही, कारण तो मार्ग मीच माझ्या सह्यांनी बुजवून टाकला आहे. तांबड्या शाईने ‘एक कमी’ असे लिहिले, तारीख घातली आणि वही मुख्याध्यापकांपुढे ठेवली. ते काय करतील ते करोत.

संध्याकाळी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. त्याला आधी वाटले, पत्र द्यायला आलो. मी त्याला वहीची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हंजे तुमीबी तसेच की, गुरुजी.” मी म्हटले, “होय. म्हणूनच आलो.” परवान्याच्या अर्जाचे कागद त्याने कधीचे आणून ठेवले होते, पण रकाने भरायचे राहिले होते. आम्ही दिव्याखाली बसलो. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘कशासाठी’ या रकान्यापाशी मी थांबलो आणि त्याच्याकडे पाहिले.

“ल्ह्या खरं तेच,” तो म्हणाला. “शोभेच्या दारूसाठी.”

परवाना मिळेल की नाही ते माहीत नाही. हिरवे फूल तर त्याला सोडावेच लागेल, आणि त्याचे गिऱ्हाईक कुरकुरेल. पण यंदा तो फराळाला येतो म्हणाला आहे.